टॅलीप्राइमचे परीक्षण : लहान कारखान्याची माहिती त्यात कशी राहते

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीतल्या बहुतेक लहान फाउंड्र्यांच्या, म्हणजे धातू ओतून सुटे भाग (कास्टिंग) बनवणाऱ्या कारखान्यांच्या, ऑफिसात एका तरी टेबलावर टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडलेले असते. तरीही त्याच कारखान्याच्या मालकाला "मशिनशॉपकडे आपले किती कास्टिंग पडून आहे" किंवा "साठ दिवसांवरची वसुली नेमकी कोणाकडे अडकली आहे" असे विचारले, तर उत्तर खिशातल्या डायरीतून, सुपरवायझरला लावलेल्या फोनवरून किंवा सरळ अंदाजाने येते. ही माहिती टॅलीत असते, निदान असू शकते. पण जीएसटीचे रिटर्न भरणे आणि वर्षाअखेरीस सीएंना डेटा देणे, एवढ्यापुरताच तिचा उपयोग होतो. अशाच एका लहान फाउंड्रीचे हिशेब आणि स्टोअर अशी दोन्ही कामे मी पाहतो, आणि म्हणून या परीक्षणात टॅलीप्राइमकडे, म्हणजे टॅलीच्या सध्याच्या रूपाकडे, कारखान्याची माहिती साठवणारी, एकमेकींशी जोडणारी आणि मागितल्यावर देणारी व्यवस्था म्हणून पाहिले आहे. हिशेब बरोबर येतो की नाही, हा प्रश्न टॅलीच्या बाबतीत केव्हाच निकालात निघाला आहे.

माझे मत आधीच सांगतो. माहिती जोडून ठेवण्यात टॅलीप्राइम उत्तम आहे आणि लहान-मध्यम कारखान्याने ते जरूर घ्यावे. मात्र ती माहिती पुढे कोणत्या प्रश्नाला उत्तर देणार, हे व्हाउचर (व्यवहाराची नोंद) सेव्ह होण्याच्या आधीच्या दोन-तीन छोट्या पडद्यांवर ठरते, आणि नेमक्या त्याच पडद्यांकडे मालकाचे लक्ष नसते. सॉफ्टवेअर विकणाराही तिथे फार वेळ थांबत नाही.

टॅलीची घडण समजून घेतली तर हे नीट कळते. श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी 1986 मध्ये बंगळूरला ही कंपनी सुरू केली, तेव्हा तिचे नाव प्युट्रॉनिक्स होते. वडिलांना स्वतःच्या धंद्याचा हिशेब संगणकावर ठेवायचा होता आणि मनाजोगे सॉफ्टवेअर मिळत नव्हते, म्हणून मुलाने ते लिहिले. त्या काळच्या संगणकीय हिशेबात प्रत्येक खात्याला आकड्यांचा कोड द्यावा लागे आणि तो लक्षात ठेवावा लागे. टॅलीने कोड काढून टाकले आणि खाते त्याच्या नावाने शोधायची सोय केली. वहीत नाव पाहून पान उघडणाऱ्या दिवाणजीला संगणकावर आणणारी ही खरी गोष्ट होती, आणि भारतातल्या लाखो दुकानांत-कारखान्यांत टॅली रुजले त्यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

पण याच निर्णयातून माहितीच्या व्यवस्थेची पहिली अडचणही जन्माला येते. कोड नसल्यामुळे नाव हीच खात्याची ओळख ठरते. भंगाराचा एक पुरवठादार एका कारकुनाने "अँड सन्स" लिहून उघडला, दुसऱ्याने घाईत "ॲण्ड सन्स" लिहून पुन्हा उघडला, तिसऱ्याने नावापुढे गावाचे नाव जोडले, की एकाच माणसाची तीन खाती तयार होतात. एकात खरेदी दिसते, दुसऱ्यात पेमेंट दिसते आणि तिसऱ्यात ॲडव्हान्स पडून राहतो. ताळेबंद तरीही जुळतो, कारण जमा-नावे दोन्ही बाजू बरोबरच असतात. चुकते ते एवढेच, की त्या पुरवठादाराचे आपण किती देणे लागतो याचे एका जागी उत्तर मिळत नाही. एकदा व्हाउचर पडलेले खाते टॅली पुसू देत नाही, जे योग्यच आहे. पण त्यामुळे अशी जुळी खाती नंतर एकत्र करणे हे किचकट आणि वेळखाऊ काम होऊन बसते. म्हणून नवे खाते उघडण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवावा, नाव जीएसटी नोंदणीवर जसे आहे तसेच लिहावे आणि रोजच्या बोलण्यातले नाव "अलियास" म्हणून जोडावे. अलियासची सोय टॅलीत फार चांगली आहे. तोंडी नावाने शोधले तरी बरोबर तेच खाते समोर येते.

आता टॅलीप्राइमचा सर्वांत मोठा गुण. ताळेबंद उघडा, "सन्ड्री डेटर्स"वर (ज्यांच्याकडून येणे आहे त्यांचा गट) एंटर दाबा, गटातली पार्ट्यांची यादी येते. पार्टीवर एंटर दाबा, तिची महिनावार उलाढाल येते. महिन्यावर एंटर दाबा, त्या महिन्याची व्हाउचरे येतात. व्हाउचरवर एंटर दाबा, मूळ बिल त्यातल्या मालासकट समोर उभे राहते. परतीच्या वाटेवर फक्त एस्केप दाबत यायचे. वरच्या आकड्यापासून तळाच्या कागदापर्यंत एकाच किल्लीने उतरता येणे, ही सोय मी वापरलेल्या इतर कोणत्याही हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये इतकी सहज नाही. बँकेचे अधिकारी कॅश क्रेडिटच्या तपासणीला येऊन एखाद्या आकड्यावर बोट ठेवतात, तेव्हा हीच सोय उपयोगी पडते. नोव्हेंबर 2020 मध्ये टॅली.ईआरपी 9 च्या जागी टॅलीप्राइम आले तेव्हा मेनूची मांडणी बदलली आणि जुने हात काही काळ अडखळले; पण त्याच वेळी आलेल्या "गो टू" या सोयीमुळे आल्ट आणि जी दाबून कोणत्याही रिपोर्टवर थेट जाता येऊ लागले आणि समोरचे अर्धवट व्हाउचर न सोडता दुसरी माहिती पाहता येऊ लागली. फोनवर गिऱ्हाईक थांबलेले असताना तिचे मोल कळते.

हे सगळे माहिती आत नीट गेली असेल तर. ती कशी बिघडते, हे एका उदाहरणाने सविस्तर सांगतो, कारण लहान कारखान्यांत सर्वाधिक नुकसान याच ठिकाणी होते.

समजा, एका गिऱ्हाइकाकडून पाच बिलांचे मिळून 4,72,000 रुपये येणे आहे; मालाची किंमत 4,00,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. मशिनिंग करताना काही कास्टिंगमध्ये ब्लोहोल (आतल्या पोकळ्या) निघाले म्हणून गिऱ्हाइकाने 21,240 रुपयांची डेबिट नोट (तेवढी रक्कम कापत असल्याची सूचना) लावली, शिवाय मालाच्या किमतीवर 0.1 टक्का म्हणजे 400 रुपये टीडीएस कापला, आणि बँकेत 4,50,360 रुपये जमा झाले. कारकून एफ6 दाबून रिसीट व्हाउचर उघडतो, पार्टी निवडतो, रक्कम टाकतो आणि टॅली एक छोटा पडदा पुढे करते: ही रक्कम कशापोटी? पर्याय चार असतात. "न्यू रेफ" म्हणजे नवा संदर्भ, "अगेन्स्ट रेफ" म्हणजे जुन्या बिलापोटी, "ॲडव्हान्स" आणि "ऑन अकाउंट". रक्कम पाच बिलांशी जुळत नाही, डेबिट नोट अजून स्टोअरकडून आलेली नाही, टीडीएसचे सर्टिफिकेट तर फार पुढे येणार आहे. तेव्हा कारकून "ऑन अकाउंट" निवडतो आणि पुढच्या कामाला लागतो.

पार्टीची एकूण बाकी 21,640 रुपये दिसते, आणि ती बरोबर आहे. पण वसुलीचा रिपोर्ट उघडला की पाचही बिले पूर्ण रकमेने थकलेली दिसतात आणि खाली कोपऱ्यात 4,50,360 रुपये कोणत्याही बिलाला न चिकटलेले पडून असतात. वयोमानानुसार थकबाकी पाहायला गेले तर हे गिऱ्हाईक महिनोन्महिने पैसे न देणारे दिसते, प्रत्यक्षात ते वेळेवर पैसे देणारे असते. उलट दिशेनेही तेच घडते: जे 21,240 रुपये खरोखर वादात आहेत, म्हणजे ज्या मालाची रिजेक्शन आपण मान्य केली आहे की नाही हेच ठरलेले नाही, ते या गोंगाटात हरवतात. वर्षभरात अशा पंचवीस-तीस पावत्या साठल्या की वसुलीचा रिपोर्ट निरुपयोगी होतो, मालक तो पाहणे सोडून देतो आणि डायरीकडे परत जातो. दोष टॅलीला दिला जातो. वास्तविक टॅलीने विचारायला हवा तो प्रश्न अगदी योग्य वेळी विचारलेला असतो.

उपाय साधा आहे, फक्त तो शिस्तीने पाळावा लागतो. पैसे आले त्याच दिवशी गिऱ्हाइकाकडून पेमेंट ॲडव्हाइस मागवून रक्कम बिलवार लावावी, टीडीएसची जर्नल एंट्री तेव्हाच करावी आणि डेबिट नोट मान्य होईपर्यंत तेवढीच रक्कम त्या-त्या बिलावर उघडी ठेवावी. असे केले की दर सोमवारी वसुलीचा रिपोर्ट काढून मालकापुढे ठेवता येतो आणि त्यात दिसणारा प्रत्येक आकडा म्हणजे एक खरा फोन असतो, कोणाला तरी करायचा.

देण्यांच्या बाजूला हीच शिस्त आता कायद्यानेही महत्त्वाची केली आहे. 1961 च्या आयकर कायद्यात कलम 43बी(एच) ही तरतूद आली आणि ती 2023-24 या आर्थिक वर्षापासून लागू झाली. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत दिले नाहीत, तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही. फाउंड्रीला रेती, रेझिन, पॅटर्न, मशिनिंग पुरवणारे बहुतेक लोक याच वर्गातले असतात. टॅलीप्राइमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत पुरवठादाराच्या खात्यात उद्यम नोंदणीचा तपशील आणि उद्योगाचा वर्ग भरता येतो, आणि त्यावरून कोणती बिले मुदतीच्या पलीकडे गेली आहेत हे वेगळे काढता येते. पण पुन्हा तेच: पुरवठादाराकडून उद्यम प्रमाणपत्र मागवून खात्यात भरण्याचे काम कोणीतरी करायला हवे, तो व्यापारी आहे की उत्पादक हे तपासायला हवे, आणि बिलाची तारीख व माल स्वीकारल्याची तारीख यांतला फरक नोंदवायला हवा.

जॉबवर्क, म्हणजे आपला माल बाहेर पाठवून त्यावर मजुरीने काम करून घेणे, हा फाउंड्रीच्या माहितीतला सर्वांत अंधारा कोपरा आहे आणि टॅलीप्राइमची सर्वांत कमी वापरली जाणारी ताकदही तिथेच आहे. आपले कास्टिंग मशिनशॉपला जाते, तिथून कधी पेंटिंगला, कधी थेट गिऱ्हाइकाकडे जाते. बहुतेक ठिकाणी गेटवर चलनबुकात नोंद होते, पिवळी प्रत फाईलला लागते आणि टॅलीत फक्त मशिनशॉपचे मजुरीचे बिल येते. म्हणजे मजुरी किती दिली ते कळते, माल कुठे आहे ते कळत नाही. एफ11 मधून जॉबवर्कची सोय चालू केली आणि प्रत्येक मशिनशॉपच्या नावाने एक परस्थ गोदाम उघडले, की "मटेरियल आउट" आणि "मटेरियल इन" ही दोन व्हाउचरे वापरता येतात; माल आपल्याच मालकीचा राहतो, फक्त त्याची जागा बदलते. मग कोणाकडे कोणत्या पार्टचे किती नग किती दिवसांपासून आहेत, हे एका रिपोर्टमध्ये दिसते.

जीएसटी कायद्याच्या कलम 143 नुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत आणि भांडवली वस्तू तीन वर्षांच्या आत परत यायला हव्यात, नाहीतर तो माल पाठवला त्या दिवशीच विकला असे धरले जाते. आयटीसी-04 हे विवरणपत्रही भरावे लागते, पाच कोटींवरील उलाढालीला सहामाही आणि त्याखाली वार्षिक. चलनबुकावरून हे विवरणपत्र तयार करणे म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये जुन्या प्रती चाळत बसणे. मटेरियल आउटच्या नोंदी रोजच्या रोज होत असतील तर ते काम रिपोर्ट काढण्यापुरते उरते. माझ्या अनुभवात याहून मोठा फायदा वेगळाच आहे. मशिनशॉपशी होणारे वाद, म्हणजे पन्नास नग पाठवले की अठ्ठेचाळीस, बोरिंग परत आले की नाही, रिजेक्ट झालेला नग आपला दोष की त्यांचा, हे नोंद समोर असली की लवकर मिटतात आणि संबंध टिकतात. गेटवरच्या माणसाला टॅली शिकवण्याची गरज नाही; चलनाचा नंबर आणि नग त्याच संध्याकाळी आत जातील एवढे पाहावे.

मालसाठ्याच्या बाबतीत टॅलीप्राइम पुरेसे आहे, परिपूर्ण नाही. कास्टिंग नगावर विकले जाते आणि वजनावरही, तेव्हा पर्यायी एककाची सोय रोज उपयोगी पडते. बॅचच्या रकान्यात हीट नंबर (भट्टीच्या एका ओतीचा क्रमांक) लिहिण्याची पद्धत आम्ही ठेवली आहे आणि ती मनापासून सुचवतो: गिऱ्हाइकाने तक्रार केली की त्या हीटचा माल आणखी कोणाकोणाला गेला, हे बॅचच्या रिपोर्टमधून काढता येते. पण भट्टीचे नियोजन, मोल्डिंग लाइनचे रोजचे उत्पादन, पॅटर्नची दुरुस्ती, लॅबमधले कार्बन-सिलिकॉनचे आकडे यांना टॅलीच्या मूळ मांडणीत जागा नाही. ते काम वेगळ्या सॉफ्टवेअरचे किंवा एक्सेलचे आहे. टॅलीकडून तेही करून घेऊ, असे सांगून कोणी जोडकाम विकत असेल तर दहा वेळा विचार करावा.

जीएसटीच्या नोंदींचा एक प्रसंग इथे सांगण्यासारखा आहे, कारण तारखेसह माहिती साठवणे किती महत्त्वाचे असते हे त्यातून दिसले. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक वस्तूंवरचे जीएसटीचे 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे गेले आणि वाहनांच्या सुट्या भागांवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला. मशिनिंग करून तयार पार्ट विकणाऱ्या कारखान्यांना एका दिवसात दर बदलावे लागले. टॅलीप्राइममध्ये वस्तूचा किंवा वस्तूंच्या गटाचा दर "कधीपासून लागू" या तारखेसह नोंदवता येतो. जुना दर पुसला जात नाही. त्यामुळे ऑगस्टच्या बिलाला नंतर क्रेडिट नोट करायची झाली तर जुना दर नोंदीत सापडतो आणि नव्या बिलाला नवा लागतो. ज्यांनी वस्तूंची गटवारी आधीच नीट केली होती त्यांना गटावर एकदाच दर बदलून काम भागले, ज्यांनी प्रत्येक पार्ट सुटा-सुटा उघडला होता त्यांना एकेक पार्ट उघडून बदल करावा लागला.

टू-बीची (जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला तयार होणारे, आपल्या खरेदीवरच्या कराच्या क्रेडिटचे जीएसटीआर-2बी हे विवरण) जुळवणी मात्र थोडक्यात सांगतो, कारण त्यावर सीए मंडळी भरपूर बोलतात. जानेवारी 2022 पासून पुरवठादाराने दाखवलेल्या आणि आपल्या टू-बीत आलेल्या बिलांपुरतेच क्रेडिट मिळते. 2024 च्या पाचव्या आवृत्तीपासून टॅलीप्राइम पोर्टलवरून ही माहिती थेट आणते आणि खरेदीशी ताडून पाहते. न जुळणाऱ्या नोंदींपैकी बऱ्याच केवळ बिल नंबर लिहिण्याच्या पद्धतीतल्या फरकामुळे अडकतात; बिलावर शून्य, तिरकी रेघ आणि वर्ष यांसह छापलेला नंबर कारकून नुसत्या तीन आकड्यांत लिहितो. छापलेला नंबर जसाच्या तसा लिहायचा, एवढा एक नियम भिंतीवर लावला तरी महिन्याच्या चौदा तारखेनंतरचे काम निम्म्याने हलके होते.

माहिती कोणी बदलली, हा प्रश्न लहान कारखान्यात अवघड असतो, कारण तिथे विश्वासाने काम चालते आणि विचारणे म्हणजे संशय घेणे असे वाटते. टॅलीप्राइमचा एडिट लॉग हा त्यावरचा फार चांगला मार्ग आहे. व्हाउचर केव्हा तयार झाले, कोणी बदलले, रक्कम आधी काय होती आणि नंतर काय झाली, हे तो आवृत्तीवार दाखवतो. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना, म्हणजे प्रायव्हेट लिमिटेडलाही, 1 एप्रिल 2023 पासून अशी बदलांची नोंद ठेवणारे आणि ती बंद न करता येणारे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक झाले आहे, आणि त्यासाठी टॅलीप्राइम एडिट लॉग अशी वेगळी आवृत्ती मिळते. मालकी हक्काच्या किंवा भागीदारीच्या पेढीला ते बंधन नाही. तिथे साध्या आवृत्तीत ही सोय हवी तर चालू करता येते, आणि माझ्या मते तिथेही ती चालू ठेवावी. एक अट मात्र आहे. ऑफिसातली तिन्ही माणसे एकाच नावाने आणि एकाच पासवर्डने टॅली उघडत असतील, तर लॉगमध्ये एकच नाव दिसत राहते आणि त्याचा काही उपयोग होत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र युजर करून द्यावा, आणि मागच्या तारखेची एंट्री कोणाला कुठवर करता येईल याची मर्यादा त्याच्या भूमिकेत घालावी. दोन्ही सोयी मूळ सॉफ्टवेअरमध्येच आहेत, त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत.

उणी बाजू रिपोर्टच्या घडणीची आहे. टॅलीचे तयार रिपोर्ट भरपूर आहेत, आणि तिसऱ्या आवृत्तीपासून त्यांना गाळणी लावून तीच मांडणी नावाने जपून ठेवता येते, ही मोठीच सुधारणा झाली. तरीही "गेल्या तीन वर्षांत या पार्टच्या किलोमागे कच्चा माल, मजुरी आणि रिजेक्शन यांचा खर्च कसा बदलला" असा प्रश्न एका पडद्यावर विचारता येत नाही. त्यासाठी टॅलीची स्वतःची टीडीएल ही भाषा जाणणाऱ्याकडून रिपोर्ट लिहून घ्यावा लागतो, किंवा डेटा एक्सेलमध्ये काढून तिथे मांडणी करावी लागते. टीडीएलच्या कामात सावध राहावे. लिहिणारा माणूस पुढच्या आवृत्तीपर्यंत व्यवसायात आणि संपर्कात राहील याची खात्री नसेल, तर त्याने लिहिलेली फाईल आणि तिची मूळ प्रत आपल्याकडे घेऊन ठेवावी. मी स्वतः एक्सेलचा मार्ग पसंत करतो: दर महिन्याला तेच तीन रिपोर्ट त्याच मांडणीत काढायचे आणि एकाच फाईलमध्ये खाली-खाली जोडत जायचे. रकान्यांचा क्रम बदलला नाही तर वर्षभरात त्यातून बरेच काही वाचता येते.

मराठीचा मुद्दाही याच ओघात येतो. खात्यांची आणि वस्तूंची नावे टॅलीत देवनागरीत लिहिता येतात, आणि शॉपफ्लोअरवर जाणाऱ्या यादीसाठी ते सोयीचे पडते. पण खात्याचे मुख्य नाव इंग्रजीत आणि मराठी नाव अलियासमध्ये ठेवावे, म्हणजे शोधताना गोंधळ होत नाही.

डेटा आपल्याच संगणकावर राहतो, ही गोष्ट अनेक मालकांना दिलासा देते, आणि तो दिलासा रास्त आहे. इंटरनेट गेले तरी बिल निघते. पण त्याबरोबर जबाबदारीही पूर्णपणे आपली होते. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाच्या नोंदी त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपाव्या लागतात, आणि वाद चालू असेल तर त्याहून जास्त. म्हणजे बॅकअप रोज घ्यायला हवा, त्याची एक प्रत कारखान्याबाहेर असायला हवी, आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायला हवा, कारण न उघडलेल्या बॅकअपचा भरवसा धरता येत नाही. टॅलीव्हॉल्ट या सोयीने कंपनीचा डेटा कुलूपबंद करता येतो, तेव्हा तो पासवर्ड विसरला तर डेटा परत मिळण्याचा कोणताही मार्ग राहत नाही. हा पासवर्ड फक्त अकाउंटंटच्या डोक्यात असणे धोक्याचे आहे. तो बंद लिफाफ्यात मालकाच्या तिजोरीत असावा.

कारखान्याबाहेर असताना रिपोर्ट पाहायचे झाले तर टॅली सॉफ्टवेअर सर्व्हिसेसची वर्गणी चालू असल्यास ब्राउझरमधून काही रिपोर्ट पाहता येतात. पाहण्यापुरते ते ठीक आहे, त्यावर काम करता येत नाही. ज्यांचे ऑफिस पुण्यात, कारखाना कोल्हापुरात आणि विक्रीची माणसे फिरतीवर आहेत, अशांनी झोहो बुक्ससारखे मुळातच क्लाउडवर चालणारे सॉफ्टवेअर जरूर तपासून पाहावे. एकाच वेळी अनेक ठिकाणांहून नोंद करण्याची त्यांची गरज तिथे अधिक सहज भागते. एका छताखाली काम असलेल्या, साठा आणि जॉबवर्क असलेल्या आणि टॅली जाणणारा माणूस सहज मिळणाऱ्या आमच्यासारख्या कारखान्यांना मी टॅलीप्राइमच सुचवीन. नवा माणूस नेमला तर तो पहिल्या दिवसापासून काम करू शकतो, हा फायदा कागदावर दिसत नाही पण मोठा आहे.

किमतीबद्दल. एका संगणकासाठीचा सिल्व्हर परवाना 22,500 रुपये आणि नेटवर्कवरच्या अनेक संगणकांसाठीचा गोल्ड परवाना 67,500 रुपये, दोन्हींवर 18 टक्के जीएसटी वेगळा. परवाना कायमचा असतो. पहिल्या वर्षानंतर अद्ययावत आवृत्त्या आणि ऑनलाइन सोयींसाठी परवान्याच्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी वार्षिक वर्गणी भरावी लागते. वर्गणी न भरल्यास जुनी आवृत्ती चालू राहते, पण जीएसटीचे नियम ज्या गतीने बदलतात ते पाहता ती थकवणे परवडत नाही. हिशेब आणि स्टोअर वेगवेगळ्या खोल्यांत असतील तर गोल्डच घ्यावा, कारण सिल्व्हर घेऊन स्टोअरच्या नोंदी संध्याकाळी अकाउंटंटकडून करून घेण्याची पद्धत पडली की मटेरियल आउटच्या एंट्र्या सर्वांत आधी मागे पडतात. आणि फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर ऑर्डर देतानाच एडिट लॉगची आवृत्ती हवी असे विक्रेत्याला लेखी कळवावे.